दोन मिलिमीटरचा इतिहास

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, तिची हकिगत आपल्याला शाळेपासून पाठ आहे. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, चारशे निमंत्रित, तोफांची सलामी. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ ला, ठाण्याची खाडी ओलांडून रूळ कल्याणला पोचले. या हकिगतीत पूल येतात, बोगदे येतात, गर्दीने टाळ्या वाजवणारी माणसं येतात. इंजिनाला पाणी पाजणारा पंप मात्र कुठेच येत नाही.

वाफेचं इंजिन कोळशाइतकंच पाण्यावर जगतं. इंजिनामागच्या टेंडरमधलं पाणी बॉयलरमध्ये घालायचं, पण बॉयलरच्या आत वाफेचा दाब बसलेला. नुसती तोटी उघडली तर पाणी आत जाण्याऐवजी वाफच बाहेर येणार. म्हणून त्या काळच्या इंजिनांना एक दट्ट्याचा पंप असे. दट्ट्या मागे गेला की टेंडरकडची झडप उघडते आणि पाणी पंपात शिरतं. दट्ट्या पुढे आला की ती झडप मिटते, बॉयलरकडची उघडते आणि पाणी वाफेच्या नाकावर टिच्चून आत जातं. या झडपांना उघडायला माणूस नाही, तरफ नाही, दोरी नाही. एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूपेक्षा वाढला की त्या उघडतात, कमी झाला की मिटतात. धातूचा गोळा किंवा चकती आणि तिच्याखाली घासून गुळगुळीत केलेली बैठक, एवढाच सगळा संसार.

हा पंप इंजिनाच्याच हालचालीवर चाले. गाडी चालली तर पंप चालणार, थांबली की पंप थांबणार. स्टेशनात खोळंबलेल्या इंजिनाचं पाणी उतरलं तर ड्रायव्हरला ते डब्यांपासून सोडवून रुळावर पुढे-मागे फिरवावं लागे, केवळ बॉयलर भरण्यासाठी. उभ्या इंजिनात पाणी घालणारं इंजेक्टर हे साधन फ्रान्सच्या हेन्री जिफार्डने शोधलं ते १८५८ मध्ये. म्हणजे ठाण्याला आलेल्या आणि वर्षाने कल्याण गाठणाऱ्या त्या इंजिनांना झडपेच्या पंपाशिवाय गत्यंतर नव्हतं. पाण्याबरोबर आलेला वाळूचा एक कण बैठकीवर अडकला तरी झडप पुरती मिटत नाही, ढकललेलं पाणी मागे फिरतं, बॉयलरची पातळी उतरत जाते आणि भट्टीचं छत उघडं पडतं. त्यानंतर बॉयलर फुटायला फार वेळ लागत नाही. भारतातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेमार्गाची सुरक्षा एवढ्याशा गोळ्यावर टेकलेली होती.

ठाणे-कल्याणच्या या पट्ट्याचा औद्योगिक इतिहास आपण कारखान्यांच्या, मालकांच्या आणि संपांच्या नावांनी लिहिला आहे. तो झडपेच्या बाजूनेही लिहिता येतो. तसा लिहिला तर एरवी पानाबाहेर राहणारी माणसं, म्हणजे फिटर, टर्नर, मेंटेनन्सच्या रात्रपाळीचे लोक, गोष्टीच्या मध्यभागी येतात. मला तो तसाच लिहावासा वाटतो.

आपोआप मिटणारी झडप इंग्रजांनी आणली असं नाही. लोहाराच्या भात्यात चामड्याची झडप होतीच; भाता फुगवताना ती उघडून हवा घेते, दाबताना मिटते आणि हवेला निखाऱ्यांकडे जाण्याखेरीज वाट ठेवत नाही. कीर्तनातल्या पेटीचा भाता याच तत्त्वावर चालतो. तत्त्व जुनं होतं. नवा होता तो वेग. लोहार मिनिटाला वीस-तीस वेळा भाता हलवतो, तेवढ्यात चामड्याला उघडायला आणि मिटायला भरपूर सवड मिळते. एकोणिसाव्या शतकात पोलादाच्या भट्ट्यांना वारा घालणारी प्रचंड यंत्रं आली, त्यांत आधी चामड्याच्याच झडपा होत्या. वेग वाढवला की त्या फडफडत, उशिरा मिटत आणि ओढलेली हवा आल्या वाटेने परत जाई. जड धातूच्या झडपा घातल्या तर त्या स्वतःच्या वजनाने आपटून बैठक फोडत. काहींनी दांडे आणि एक्सेंट्रिक लावून झडपा बाहेरून चालवायचा उद्योग केला. त्यात यंत्र महागलं आणि बिघाडाच्या जागा वाढल्या. इंजिनं आणि मोटारी जलद होत होत्या, पण हवा दाबणारं यंत्र त्यांच्या मागे रखडत होतं.

यातून वाट काढली ती हान्स हर्बिगर या ऑस्ट्रियन इंजिनिअरने. १८६० साली व्हिएन्नाजवळ जन्मलेला हा माणूस बुडापेस्टला काम करत असताना १८९४ च्या सुमारास भट्टीच्या अशाच एका वाऱ्याच्या यंत्राशी झगडत होता. त्याने चामड्याच्या आणि जड धातूच्या झडपा दोन्ही टाकून दिल्या. पोलादाची पातळ चकती घेतली, तिच्यात वर्तुळाकार खाचा पाडल्या आणि ती अशी धरली की उघडताना-मिटताना तिचं कशाशीच घर्षण होऊ नये. चकती हलकी, त्यामुळे तिला ढकलायला दाबाचा फरक थोडा पुरतो. उघडण्याचं अंतर एक-दोन मिलिमीटर, त्यामुळे मिटायला वेळ लागत नाही. खाचा अनेक, त्यामुळे अंतर कमी असूनही हवेला रस्ता पुरेसा मिळतो. हलकेपणा, थोडकं अंतर आणि लांबलचक कड या तीन गोष्टींच्या हिशेबावर आजही जगातल्या कॉम्प्रेसरच्या झडपा उभ्या आहेत. १९०० मध्ये त्याने फ्रीडरिश रोगलरबरोबर व्यवसाय थाटला. १९३१ मध्ये तो वारला, पण कंपनी अजून त्याचंच नाव लावते.

याच माणसाने ग्रह-तारे बर्फातून घडले अशी एक विश्वोत्पत्ती मांडली आणि १९१३ मध्ये तिच्यावर जाडजूड ग्रंथ काढला. ती पार चुकीची होती, आणि पुढे नाझींनी ती उचलून धरली. विश्वाबद्दल कुणी त्याला प्रयोगाने खोडून काढू शकत नव्हतं. झडपेबद्दल मात्र यंत्रच दर सेकंदाला निकाल देत होतं, आणि तिथे तो बरोबर ठरला.

ही चकती आपल्याकडे ज्या काळात रुळली तो काळ विजेचा. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली आणि दशक संपता संपता तारा कल्याणपर्यंत आल्या. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत आणि १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत १५०० व्होल्टचा मार्ग पुरा झाला. त्याला वीज पुरवायला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळ्याला, उल्हास नदीच्या काठी, कोळशाचं वीजघर बांधलं. कल्याण नुसतं जंक्शन होतं ते आता विजेच्या इंजिनांचं माहेर झालं. स्विस आणि इंग्रज कारखान्यांत बनलेली, लांब नाकाची, चाकांच्या बाजूला दांडे फिरवणारी मालगाडीची इंजिनं घाटात घुमू लागली. रेल्वेच्या लोकांनी त्यांना ‘खेकडा’ म्हणायला सुरुवात केली.

विजेच्या इंजिनाला वाफ नाही. ही गोष्ट आपण सहज बोलून जातो, पण शेडमधल्या माणसांना तिचा अर्थ फार वेगळा होता. वाफेच्या काळात ब्रेकसाठी लागणारी निर्वात पोकळी वाफेच्या झोताने तयार होत असे, त्यात हलणारा भाग जवळजवळ नव्हताच. वाफ गेल्यावर ती पोकळी मोटारीवर चालणाऱ्या एक्झॉस्टरने करायची आणि दाबाची हवा कॉम्प्रेसरने. तारेला भिडणारा पॅन्टोग्राफ हवेवर उचलायचा, मोठे स्विच हवेवर चालवायचे. कर्जतहून खंडाळ्याला आणि कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना ३७ ला १ असा चढ आहे. उतरताना त्याच चढावर हजारो टनांची गाडी ब्रेकच्या भरवशावर असते. पिस्टनच्या एक्झॉस्टरमध्ये तर झडपेची परीक्षा आणखी कठीण. कॉम्प्रेसरमध्ये दाब जसा वाढतो तसं झडपेला ढकलणारं बळ हाताशी असतं. पोकळी वाढत जाते तशी ओढीच्या झडपेपाशी हवाच विरळ होत जाते, झडप उचलायला उरतं ते नावापुरतं बळ. तिथे चकती जराही जड झाली किंवा स्प्रिंग जराही ताठ राहिली तर काटा हव्या त्या आकड्यावर चढतच नाही.

रात्रभर उभ्या इंजिनातली हवा गळून गेली की सकाळी नवाच पेच. पॅन्टो चढवायला हवा हवी, हवा करायला वीज हवी आणि वीज घ्यायला पॅन्टो चढलेला हवा. म्हणून बॅटरीवर चालणारा एक लहान कॉम्प्रेसर वेगळा ठेवतात. हजारो अश्वशक्तीचं यंत्र पहाटे जागं होतं ते मुठीएवढ्या सिलिंडरवरच्या दोन झडपांमुळे.

लोकलच्या प्रवाशांना हे यंत्र दिसत नाही, ऐकू मात्र रोज येतं. डोंबिवलीला गाडी थांबते, दारातली गर्दी हलते आणि त्याच वेळी जुन्या डब्यांच्या फरशीखालून धडधड सुरू होते. ब्रेक लावताना हवा खर्च झाली, टाकीतला दाब साधारण सहा किलोवर आला, कॉम्प्रेसर आपोआप लागला. सात किलोच्या आसपास गेला की तो आपोआप बंद होतो. त्या धडधडीतला मोठा वाटा पिस्टनचा, पण तिच्यात जी कोरडी टकटक मिसळलेली असते ती झडपांची. शेडमधला जुना माणूस त्या टकटकीवरून सांगू शकतो की आत सगळं ठीक आहे की एखादी प्लेट, म्हणजे चकती, तडकली आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास आणि नंतर रेल्वेबाहेर ही चकती झपाट्याने पसरली. कल्याणजवळ मोहने येथे १९४६ मध्ये नॅशनल रेयॉन उभी राहिली, १९५६ मध्ये शहाडला सेंच्युरी रेयॉन आली. लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा काढण्याच्या या उद्योगात द्राव ठरावीक तापमानात पिकवावा लागतो. कल्याणच्या उकाड्यात ते थंडावा निर्माण केल्याशिवाय शक्य नाही आणि थंडावा म्हणजे कॉम्प्रेसर. १९५८ मध्ये पुण्यात किर्लोस्कर न्युमॅटिक सुरू झाली आणि कॉम्प्रेसर देशात बनू लागले. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, त्याचा श्रीगणेशा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाला. दोनच वर्षांत डोंबिवलीची वसाहत आली. पोखरण रस्त्यावर व्होल्टास, ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिल, डोंबिवलीत रंग आणि औषधांची रसायनं करणारे शेकडो लहान-मोठे कारखाने. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक शेड, तिच्यात एक कॉम्प्रेसर आणि त्याच्याजवळ तेलकट कपड्यांतला एक माणूस. कारखान्याला वीज, पाणी आणि वाफ लागते तशीच हवा लागते. ती थांबली की स्प्रेगन थांबतात, हवेवर चालणारे व्हॉल्व्ह मिटतात आणि पाच मिनिटांत फोनवर आरडाओरड सुरू होते.

त्या शेडमध्ये काय चालतं ते जरा जवळून पाहू.

मिनिटाला ६०० फेरे घेणारा कॉम्प्रेसर धरा. त्याची प्रत्येक झडप सेकंदाला १० वेळा उघडते आणि १० वेळा मिटते. दिवसाला ८ लाख ६४ हजार वेळा. वर्षभर न थांबता चालला तर ३१ कोटी ५३ लाख वेळा. मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट इतक्या वेळा आपटून घेते. उघडताना ती वर तिला अडवणाऱ्या गार्डवर आदळते, मिटताना खाली सीटवर, म्हणजे बैठकीवर. लिफ्ट, म्हणजे ती किती उचलली जाते ते अंतर, वाढवलं तर हवा मोकळी जाते आणि विजेचं बिल उतरतं, पण प्लेट जोरात आपटते आणि लवकर फुटते. लिफ्ट कमी केली तर प्लेट वर्षानुवर्षं टिकते, पण अरुंद फटीतून हवा कोंबायला मोटारीला जास्त ओढावं लागतं. स्प्रिंग मऊ ठेवली तर प्लेट उशिरा मिटते, तोवर पिस्टन उलटा फिरलेला असतो आणि परतणारी हवा तिला सीटवर धाडकन आणते. ताठ ठेवली तर प्लेट पुरती उघडतच नाही, मध्येच थरथरत राहते आणि त्या थरथरण्यानेच स्प्रिंग तुटते. झडपेचा आराखडा म्हणजे या चार संकटांमधली तडजोड. ती प्रत्येक वायूसाठी, प्रत्येक दाबासाठी आणि प्रत्येक वेगासाठी नव्याने करावी लागते. हायड्रोजन हलका, तो फटीतून सहज निसटतो. कार्बन डायऑक्साइड जड, त्याला वाट मोठी लागते. एकाची झडप दुसऱ्याला लावून चालत नाही.

त्यात उष्णता. हवा एका दमात सात किलोपर्यंत दाबली तर ती अडीचशे अंशांच्या वर तापते. म्हणून ती दोन टप्प्यांत दाबतात, मध्ये थंड करतात. मग तापमान सव्वाशे-दीडशे अंशांत राहतं. एवढ्यावरही वंगणाचं तेल हळूहळू जळतं आणि त्याची काजळी डिस्चार्जच्या, म्हणजे दाबलेली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, प्लेटवर थरावर थर बसते. प्लेट चिकटली की पुरती मिटत नाही, गरम हवा सिलिंडरमध्ये परतते, पुन्हा दाबली जाते, आणखी तापते, आणखी काजळी. हे चक्र वेळीच मोडलं नाही तर काजळी पेट घेते आणि हवेच्या पाइपातच आग लागते. बाहेर कुणाला पत्ताही नसतो आणि आत पाइप लालभडक झालेला असतो.

कोकणपट्टीच्या हवेचा जाच वेगळा. पावसाळ्यात इथली हवा पाण्याने भिजलेली असते. दोन टप्प्यांच्या मध्ये ती थंड झाली की पाणी सुटतं. रविवारची सुट्टी पडून कॉम्प्रेसर बंद राहिला तर त्या ओलाव्याने प्लेटवर गंजाचे बारीक टिपके उमटतात. डोंबिवलीत त्यात रसायनांची भर. २०१४ च्या जानेवारीत ज्या गावावर हिरवा पाऊस पडला, त्या गावातले कॉम्प्रेसर त्याच हवेत श्वास घेतात. गंजाचा टिपका डोळ्याला क्षुल्लक दिसतो, पण कोट्यवधी आपटण्यांत चीर सुरू होते ती बरोबर तिथूनच. मध्य युरोपच्या कोरड्या हवेत आखलेली प्लेट इथे पुस्तकात लिहिलेले तास भरत नाही ती यामुळे. हे पहिल्यांदा कळलं ते इथल्या मेंटेनन्सच्या माणसांना. कंपनीचं पुस्तक बाजूला ठेवून ते आपली तपासणी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर लावत आले.

निदान करायची त्यांची रीतही ऐकण्यासारखी आहे. दोन टप्प्यांच्या कॉम्प्रेसरवर मधल्या दाबाचा एक काटा असतो, तो निरोगी यंत्रात दोन किलोच्या आसपास उभा राहतो. काटा चढला तर दुसऱ्या टप्प्याच्या झडपा गळतात, कारण पहिल्याने पाठवलेली हवा पुढे उचलली जात नाही. काटा पडला तर पहिल्या टप्प्यातच दोष. त्यानंतर हात. ओढीची झडप थंड हवा घेते, तिचं झाकण कोमट असायला हवं. ते शेजारच्या झाकणापेक्षा तापलं असेल तर आतली गरम हवा तिथून मागे येते आहे. हाताच्या पाठीने चार झाकणं चाचपून कुठली झडप उघडायची हे सांगणारे लोक या पट्ट्यात एकेकाळी गल्लोगल्ली होते.

झडप बाहेर काढली की ती टेबलावर सुटी होते: सीट, प्लेट, स्प्रिंगा, गार्ड, मधला बोल्ट. सीटवर प्लेटच्या मारानं चर पडलेले असतात. सपाट पोलादी पृष्ठावर पेस्ट लावून सीट आठाच्या आकड्यात फिरवायची, मध्येच थोडी वळवून धरायची म्हणजे एका बाजूला जास्त घासली जाणार नाही. करकर आवाज मऊ होत जातो. चर मिटला, सगळी कड एकसारखी करडी दिसू लागली की धुऊन काढायची, कारण पेस्टचा कण आत राहिला तर तो सिलिंडर खाईल. जोडून झाल्यावर झडप उलटी धरून तिच्यात रॉकेल ओतायचं. थेंब थेंब झिरपलं तर चालतं, धार लागली तर पुन्हा घासायला घ्यायचं. घाईघाईत बसवलेली झडप आठवड्याभरात परत टेबलावर येते, हे प्रत्येक उमेदवार पहिल्या वर्षातच शिकतो.

आणि एक गोष्ट त्याला पहिल्याच दिवशी बजावून सांगतात. ओढीची आणि डिस्चार्जची झडप बाहेरून सारखीच दिसते, अनेक यंत्रांत तर एकमेकींच्या जागी बसतेही. डिस्चार्जच्या खोबणीत चुकून ओढीची झडप बसली तर दाबलेल्या हवेला बाहेर पडायला दारच राहत नाही. पिस्टन पुढे येतो आणि सिलिंडरचं डोकं उडतं. म्हणून बसवण्याआधी लाकडी काडीने प्लेट दाबून पाहायची: कोणत्या बाजूने हलते, कोणत्या बाजूने नाही. एका सेकंदाची ही तपासणी आहे. चांगल्या आराखड्यात ही चूक होऊच नये म्हणून दोन्ही झडपांचे व्यास किंवा पिना वेगळ्या ठेवतात. माझ्या मते झडपेच्या आराखड्यातली ही सर्वांत शहाणी सुधारणा, कारण ती रात्री तीन वाजता झोपेने जड झालेल्या माणसाचा विचार करते.

आराखडे कुणाचे होते? बहुतेक बाहेरचे. प्लेट कशी हलते याचं गणित १९५० साली अमेरिकेत मायकेल कोस्टाग्लिओला याने नीट मांडलं. पिस्टनची गती, सिलिंडरमधला दाब आणि स्प्रिंगचं बळ एकमेकांत गुंतलेली ती समीकरणं हाताने सोडवायला दिवसचे दिवस लागत. संगणक आल्यावर ती सोपी झाली आणि १९७२ पासून पर्ड्यू विद्यापीठात या विषयावर परिषदा भरू लागल्या. इकडे वागळे इस्टेटमध्ये त्याच वर्षांत वेगळीच विद्या चालू होती. परदेशी सुटा भाग आणायचा तर परवाना हवा, परकीय चलन हवं आणि कित्येक महिन्यांची वाट पाहायची तयारी हवी. तेवढा वेळ कारखाना बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. मग तुटकी प्लेट घेऊन कोणीतरी टर्नरकडे जाई. तो मापं घेई, मिळेल ते स्प्रिंगचं पोलाद आणी, कापी, खाचा पाडी, तापवून पाणी देई, घासून सपाट करी. पहिली प्लेट चार दिवस टिके. मग तो पोलाद बदली, खाचेचे कोपरे गोल करी, कारण चीर नेहमी टोकदार कोपऱ्यातून निघते. दुसरी महिनाभर टिके. याला नक्कल म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. कोस्टाग्लिओलाने कागदावर शोधलं ते हे लोक फुटलेल्या प्लेटा वाचून शोधत होते. फरक एवढाच की त्याचा निबंध छापला गेला आणि यांचे निष्कर्ष यांच्याबरोबर निवृत्त झाले.

असं शिक्षण छापलं गेलं असतं तर काय झालं असतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे, फक्त ते पंपाचं आहे. साठ-सत्तरच्या दशकांत दुष्काळी गावांत विंधनविहिरी खोदल्या गेल्या. त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप परदेशातल्या एका कुटुंबापुरत्या पंपांच्या नकला होत्या. सगळं गाव पाणी भरू लागल्यावर ते मोडत. १९७४ मधल्या एका पाहणीत तमिळनाडू आणि महाराष्ट्रातले सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी आणि सोलापूर वेल सर्व्हिसमध्ये ऑस्कर कार्लसनने यावर स्वतःचे पोलादी पंप बनवले. सोलापूरच्या पंपाला बेअरिंग आणि साखळी होती, त्यामुळे दांडी सरळ वर-खाली होई. युनिसेफने हे काम पाहिलं, तपासलं, मापं पक्की केली आणि त्यातून ‘इंडिया मार्क टू’ जन्मला. १९७९ मध्ये त्याचं भारतीय मानक आलं आणि पुढे असे पंप लाखोंनी बनले, आशिया-आफ्रिकेतल्या देशांत गेले. तरी एक दुखणं उरलंच. दट्ट्याची झडप आणि तळाची झडप जमिनीखाली तीस-चाळीस मीटर. चामड्याचा वायसर बदलायचा तर सगळा पाइप उपसावा लागे, त्यासाठी गाडी आणि माणसांचा ताफा. ‘मार्क थ्री’मध्ये पाइप रुंद केला, दट्ट्या आणि झडप त्यातूनच वर ओढून काढता येऊ लागली, चामड्याच्या जागी रबर आलं. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर हापसा हापसणाऱ्या बाईच्या हाताला जो फरक पडला, तो सोलापूरच्या एका वर्कशॉपमधली युक्ती कोणीतरी वहीत उतरवून घेतल्यामुळे.

ठाण्या-डोंबिवलीच्या वह्या कोणी उतरवून घेतल्या नाहीत. ऐंशीनंतर पीक नावाचं उष्णता सोसणारं प्लास्टिक आलं आणि पोलादी प्लेटांची जागा घेऊ लागलं; ते गंजत नाही, हलकं असतं आणि फुटलं तरी त्याचे तुकडे सिलिंडर ओरबाडत नाहीत. छोट्या कारखान्यांत पिस्टनच्या जागी स्क्रू कॉम्प्रेसर बसले, त्यांना अशा झडपाच लागत नाहीत. नॅशनल रेयॉन २००९ मध्ये बंद पडली. पोखरण रस्त्यावर कारखान्यांच्या जागी मनोरे आले. चोळ्याचं वीजघर त्याआधीच इतिहासजमा झालं होतं.

चकती मात्र गेलेली नाही. महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली, तिचा गॅस आज ठाण्यापासून कल्याण-डोंबिवली, बदलापूरपर्यंतच्या रिक्षांत भरला जातो. पाइपातून आलेला गॅस गाडीत २०० बारने भरायचा, म्हणून पंपावर तो २५० बारपर्यंत दाबून ठेवतात. इतका दाब टप्प्याटप्प्याने चढवणारं यंत्र पिस्टनचंच लागतं. घोडबंदर रस्त्यावर रिक्षांची रांग चौकापर्यंत गेली आणि पुढचा चालक मागच्याला “प्रेशर नाही” म्हणून सांगू लागला की त्यामागे पुष्कळ कारणं असू शकतात. त्यातलं एक नेहमीचं कारण म्हणजे कुठल्यातरी टप्प्याची प्लेट सीटवर नीट टेकत नाही. तिथे अजूनही कुणीतरी झाकण उघडतो, प्लेट उजेडात धरून चीर शोधतो आणि सीट घासायला घेतो.

त्याला हे काम शिकवणारी पिढी आता सत्तरीत आहे. ती डोंबिवली पूर्वेच्या जुन्या इमारतींत, ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या चाळींत राहते. त्यांच्या कपाटांत मेंटेनन्सच्या डायऱ्या आहेत: कुठल्या मशीनची प्लेट किती तास चालली, कुठल्या पोलादाने दगा दिला, पावसाळ्यात काय बदललं. हातानं काढलेली ड्रॉइंगं आहेत. घर आवरताना हे सगळं रद्दीत जातं, कारण घरच्यांना त्यात तेलाचे डाग सोडून काही दिसत नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. या दोन संस्थांनी एकेक कपाट या डायऱ्यांसाठी राखून ठेवावं. आणि तुमच्या घरात कोणी फिटर, टर्नर किंवा कॉम्प्रेसर ऑपरेटर होऊन गेला असेल, तर त्याची वही रद्दीवाल्याला देण्याआधी तिथे नेऊन द्या. असं कोणी अजून हयात असेल, तर शेजारी बसून दोन तास त्यांचं बोलणं टिपून घ्या आणि तारीख टाकून ठेवा.